अपराधी सोबती आणि संघाचा दंड : विनयपिटकातील तीन प्रकरणे

अपराध परक्याच्या हातून घडला तर न्यायाची भाषा आपल्या तोंडी सहज येते. तोच अपराध आपल्या सोबत्याच्या हातून घडला, ज्याने आपल्याबरोबर हालअपेष्टा भोगल्या त्याच्या हातून घडला आणि त्याला त्याचा पश्चात्तापही झाला, म्हणजे आपली वाणी अडखळते. त्याने चूक कबूल केली आहे, आता आणखी शिक्षा कशाला, असा सूर निघू लागतो. विहारांच्या समित्यांत, शिक्षणसंस्थांत आणि चळवळीच्या संघटनांत हा प्रश्न वारंवार उभा राहतो आणि बहुधा तो त्या माणसाच्या जुन्या सेवेकडे बोट दाखवून मिटवला जातो. मैत्री आणि करुणा ही धम्माची मूल्ये असल्यामुळे असे मिटवणे हेच बौद्ध आचरणाला धरून आहे, अशीही समजूत आढळते.

ही समजूत विनयपिटकाच्या कसोटीला उतरते काय, हे प्रस्तुत लेखात आम्हांला तपासावयाचे आहे. विनयपिटक हा केवळ भिक्खूंच्या आचारनियमांचा संग्रह नाही. एकत्र राहणाऱ्या, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या आणि तरीही चुकणाऱ्या माणसांच्या समूहाने न्याय कसा केला, याचा तो ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यातील छन्न, सुधम्म आणि थुल्लनन्दा यांची प्रकरणे आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी आहेत.

छन्न : सर्वांत जुना सोबती

अट्ठकथांच्या परंपरेनुसार छन्नाचा जन्म सिद्धार्थ गौतमाच्या जन्मदिवशीच झाला. गृहत्यागाच्या वेळी कंथक घोड्यासह राजपुत्राबरोबर गेलेला सारथी तो हाच. बाबासाहेबांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात गृहत्यागाची रूढ कथा नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी त्या घटनेचा संबंध जोडला. तरी राजपुत्राचा निरोप घेणारा छन्न त्यांच्याही ग्रंथात आहे. संघात असा दुसरा कोणी नव्हता, की ज्याला तथागतांशी याहून जुने नाते सांगता आले असते.

आणि छन्नाने ते नाते सांगितले. संघादिसेस वर्गातील बाराव्या नियमाची उत्पत्तिकथा त्याच्याच वर्तनाची आहे. भिक्खूंनी त्याला चूक दाखविली, तेव्हा त्याने उलट त्यांनाच ऐकविले, की बुद्ध आपले, धम्म आपला, आपल्याच धन्याच्या पुत्राने तो शोधून काढला. म्हणून उपदेश करण्याचा अधिकार आपला आहे, तुमचा नाही. वाऱ्याने एकत्र आणलेल्या पालापाचोळ्याप्रमाणे तुम्ही नाना गोत्रांतून व नाना जातींतून येथे जमलेले लोक आहात, असेही तो म्हणाला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. जुन्या सोबतीचा अभिमान पाहता पाहता जन्माच्या अभिमानात कसा रूपांतरित होतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण पालि साहित्यात क्वचितच सापडेल.

तथागतांच्या हयातीतच संघाने छन्नाविरुद्ध कार्यवाही केली होती. कोसंबीच्या घोसिताराम विहारात त्याच्या हातून आपत्ती घडली, म्हणजे नियमभंग झाला, आणि तो नियमभंग असल्याचे मान्य करण्यास त्याने नकार दिला. चुल्लवग्गाच्या कम्मक्खन्धकात नोंद आहे, की संघाने त्याला ‘उक्खेपनीय कम्म’ लावले. तो ज्या ज्या आवासात गेला तेथे भिक्खूंनी त्याला वंदन केले नाही, त्याचा सत्कार केला नाही. शेवटी तो कोसंबीला परतला, त्याने आपले वर्तन सुधारले आणि दंड मागे घेण्याची संघाला विनंती केली. संघाने रीतसर ठराव मांडून, तीन वेळा घोषणा करून आणि कोणाचा आक्षेप नाही हे पाहून तो दंड मागे घेतला.

संघ कठोर नव्हता, हे यावरून दिसते. परतीचा दरवाजा उघडा होता. मात्र तो छन्नाच्या मित्रांनी मागील बाजूने उघडला नाही, संघाने सर्वांसमोर उघडला.

ब्रह्मदंड

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या अखेरच्या सूचना नोंदविल्या आहेत. त्यांपैकी एक छन्नाविषयी आहे : आपल्या पश्चात छन्न भिक्खूला ब्रह्मदंड द्यावा. ब्रह्मदंड म्हणजे काय, असे आनंदांनी विचारले. छन्नाला जे बोलावयाचे ते त्याने बोलावे. भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, त्याची कानउघाडणीही करू नये, असा खुलासा तथागतांनी केला.

मृत्युशय्येवरून आपल्या जन्माच्या सोबत्याविषयी दिलेली ही सूचना आहे. सामान्य माणूस अशा वेळी आपल्या माणसाला सांभाळून घ्या असे सांगून जातो. तथागतांनी त्याला दंड द्या असे सांगितले. यात करुणेचा अभाव आहे काय? आमच्या मते नाही. बुद्ध आमचे म्हणणाऱ्या माणसाला बुद्धांच्या पश्चात आवरणार कोण, हा प्रश्न खरा होता. तथागतांशी असलेली जवळीक हेच ज्याच्या उद्दामपणाचे मूळ, त्याच्या बाबतीत त्या जवळिकीचा लाभ काढून घेणे हाच उपचार होता.

पुढील वृत्तांत चुल्लवग्गाच्या अकराव्या खन्धकात येतो. राजगृहाच्या प्रथम संगीतीत आनंदांनी ही सूचना थेरांपुढे ठेवली आणि थेरांनी ती अमलात आणण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले. तो भिक्खू तापट व कठोर आहे, त्याला दंड आपण कसा द्यावा, अशी अडचण आनंदांनी मांडली, तेव्हा पुष्कळ भिक्खूंना बरोबर घेऊन जाण्यास त्यांना सांगण्यात आले. परंपरा हा आकडा ५०० देते.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. हा दंड घेऊन निघालेले आनंद त्याच संगीतीत स्वतः आरोपीच्या जागी उभे राहिले होते. त्यांच्यावर पाच ठपके ठेवण्यात आले आणि स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी त्यांनी केलेला प्रयत्न हा त्यांपैकी एक होता. आनंदांनी उत्तर दिले, की यात आपणांस दोष दिसत नाही. तथापि संघावरील श्रद्धेमुळे आपण तो दोष म्हणून कबूल करतो. त्या ठपक्यांपैकी काही आज आपल्याला अन्याय्य वाटतात, विशेषतः स्त्रियांच्या प्रव्रज्येचा. आणि ते वाटावेतच. पण २५ वर्षे तथागतांची सेवा केलेल्या माणसानेही त्या सेवेच्या बळावर चौकशीतून सूट मागितली नाही. छन्नाकडे जाण्याचा नैतिक अधिकार त्यांना यातूनच मिळाला.

घोसितारामात आनंदांनी ब्रह्मदंड ऐकविताच छन्न मूर्च्छित होऊन पडला. ज्याला कोणी बोलणार नाही, उपदेश करणार नाही, त्याचा आता नाशच झाला, असे त्याचे उद्गार होते. पश्चात्ताप येथे प्रकट झाला. आनंद त्या क्षणी विरघळून दंड मागे घेऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. छन्न एकांतात गेला, लज्जित होऊन, अप्रमत्तपणे साधना करू लागला आणि अर्हत झाला. मग त्याने आनंदांकडे येऊन दंड उठविण्याची विनंती केली. आनंदांनी उत्तर दिले, की ज्या क्षणी तू अर्हत झालास त्याच क्षणी तो दंड शमला.

या उत्तरातील बारकावा महत्त्वाचा आहे. ‘मी तुला सोडतो’ असे आनंद म्हणाले नाहीत. दंड उठविणे हा त्यांनी सोबत्यावर केलेला उपकार नव्हता. दंडाचा हेतू पूर्ण झाला आणि दंड आपोआप संपला. अश्रू हा पश्चात्तापाचा आरंभ. बदललेले वर्तन हा त्याचा पुरावा. संघाने आरंभावर नव्हे, पुराव्यावर निर्णय केला.

ठरलेली मुदत

ब्रह्मदंडाला मुदत नव्हती. इतर पुष्कळ दंडांना होती आणि तेथे पश्चात्तापाचे स्थान अधिकच स्पष्ट होते. संघादिसेस या वर्गात भिक्खूंसाठी १३ नियम आहेत. त्यांपैकी एखादा मोडणाऱ्या भिक्खूने तो लगेच सांगितला, तर त्याला सहा रात्रींचे मानत्त पाळावे लागते. त्याने तो लपविला असेल, तर जितके दिवस लपविला तितक्या दिवसांचा परिवास आधी भोगावा लागतो आणि मानत्त त्यानंतर. या काळात तो वंदन स्वीकारत नाही, आपल्यावरील दंडाची माहिती आल्या-गेल्या भिक्खूंना स्वतः देतो. शेवटी किमान २० भिक्खूंच्या संघापुढे त्याचे ‘अब्भान’ होते, म्हणजे त्याला परत बोलावले जाते. वीसांत एक जरी कमी असला तरी ते अब्भान वैध ठरत नाही.

या रचनेत स्वतःहून दिलेल्या कबुलीला किंमत आहे. ती देणाऱ्याची परिवासातून सुटका होते. परंतु मानत्त कोणालाच चुकत नाही. प्रामाणिकपणाने दंड हलका होतो, नाहीसा होत नाही. आणि अब्भान झाल्यावर तो भिक्खू पूर्वीइतकाच पूर्ण अधिकाराचा असतो. आज आपल्याकडे नेमके उलटे घडते. सोबत्याला आपण दंडातून सोडतो, पण त्याची गोष्ट दबक्या आवाजात आयुष्यभर बोलत राहतो. ज्याने दंड भोगला त्याच्यासाठी एक दिवस असा येतो, की त्या दिवशी ती गोष्ट संपते. ज्याला नुसते सोडून दिले त्याच्यासाठी तो दिवस कधीच येत नाही.

सुधम्म आणि त्याचा अनुदूत

आतापर्यंतच्या चर्चेत अपराधी आणि संघ हे दोनच पक्ष होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? याचे उत्तर सुधम्माच्या प्रकरणात मिळते.

काशी जनपदातील मच्छिकासंड येथे चित्त नावाचा गृहपती होता आणि सुधम्म भिक्खू त्याच्याच आरामात राहत असे. सारिपुत्त, मोग्गल्लान इत्यादी थेर तेथे आले असता चित्ताने सुधम्माला विचारण्यापूर्वीच त्यांना भोजनाचे निमंत्रण दिले. सुधम्म दुखावला. दुसऱ्या दिवशी भोजनाची तयारी पाहून तो म्हणाला, की येथे सर्व काही आहे, फक्त तिळाची वडी तेवढी नाही. वरवर पाहता हे बोलणे निरुपद्रवी आहे. अट्ठकथा त्याचा अर्थ उलगडते : चित्ताच्या कुळाचा मूळपुरुष अपूप विकणारा होता आणि सुधम्माला त्याला जन्मावरून हिणवावयाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या असे टोमणे ऐकलेल्या आपल्या वाचकांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

तथागतांनी सुधम्माची निर्भर्त्सना केली आणि संघाने त्याला ‘पटिसारणीय कम्म’ लावले. त्याने परत जाऊन चित्त गृहपतीची क्षमा मागावी, असा हा दंड. भिक्खूने गृहस्थाची क्षमा मागावी, ही त्या काळच्या समाजात लहान गोष्ट नव्हती. सुधम्म मच्छिकासंडला गेला, पण लाजेने त्याचा धीर खचला आणि क्षमा न मागताच तो परतला.

संघापुढे आता आपलाच प्रश्न उभा होता. माणूस ओशाळलेला आहे, पश्चात्ताप उघड दिसतो आहे. मग हा विषय येथेच संपवावा काय? तथागतांनी तो संपविला नाही. दंड कायम राहिला, पण सुधम्माला ‘अनुदूत’ देण्यात आला. अनुदूत म्हणजे बरोबर जाणारा. संघाने एका भिक्खूची त्यासाठी रीतसर निवड करावयाची. त्याने अपराध्याबरोबर जावयाचे आणि अपराध्याला क्षमा मिळाली नाही, तर त्याच्या वतीने गृहपतीला विनंती करावयाची. प्रथम या भिक्खूला क्षमा करा म्हणून, मग मी विनंती करतो म्हणून, मग संघ विनंती करतो म्हणून. एवढ्यानेही क्षमा मिळाली नाही, तर गृहपतीच्या दृष्टीच्या टप्प्यात अपराध्याकडून आपत्तीची कबुली करवून घ्यावयाची.

आमच्या मते विनयपिटकाने आपल्या प्रश्नाला दिलेले सर्वांत सुंदर उत्तर हे आहे. सोबत्याने काय करावे? त्याने सोबत्याला दंडातून सोडवू नये. दंड भोगावयास तो जातो तेव्हा त्याच्याबरोबर जावे. त्याची लाज वाटून घ्यावी, त्याच्यासाठी शब्द टाकावा. पण तो शब्द ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दारात जाऊन टाकावा. क्षमा करण्याचा अधिकार चित्ताचा होता. तो संघानेही स्वतःकडे घेतला नाही.

लपविणारा सोबती

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण थुल्लनन्दा भिक्खुणीचे आहे. तिची बहीण सुंदरीनन्दा हिच्या हातून पाराजिक घडले होते, म्हणजे असा अपराध की ज्यानंतर संघात राहताच येत नाही. थुल्लनन्दाला ते ठाऊक होते आणि तिने ते लपविले. विचारल्यावर तिने कारण दिले, की बहिणीची अपकीर्ती ती आपली अपकीर्ती. आजही दोष झाकणारे हेच कारण देतात, फक्त बहिणीच्या जागी संस्था, संघटना किंवा समाज येतो.

विनयाने हे कारण मानले नाही. दुसऱ्या भिक्खुणीचे पाराजिक जाणूनबुजून लपविणे हे भिक्खुणींसाठी स्वतंत्र पाराजिक ठरले. भिक्खूंच्या बाबतीत सोबत्याचा गंभीर अपराध लपविणे हे ‘पाचित्तिय’ आहे, म्हणजे पुष्कळच सौम्य. स्त्री-पुरुषांमधील ही दंडाची विषमता आज समर्थनीय नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मात्र मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे : झाकणारा सोबती निर्दोष राहत नाही.

संघ आणि राजदंड

अंगुलिमालाचे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. अनेकांचे प्राण घेतलेल्या माणसाला तथागतांनी संघात घेतले आणि राजा पसेनदीने त्याला शासन केले नाही. परंतु मज्झिमनिकायातील या सुत्तात तथागत त्याला लपवीत नाहीत. ५०० घोडेस्वार घेऊन निघालेल्या राजाला ते हात उंचावून समोर बसलेला अंगुलिमाल दाखवितात. दंड न करण्याचा निर्णय राजाचा आहे, ज्याच्याकडे दंडाचा अधिकार होता. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर ढेकळे व खापऱ्या येऊन पडतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो, तेव्हा हे सहन कर असेच तथागत त्याला सांगतात. मारल्या गेलेल्यांच्या आप्तांची बाजू सुत्तात येत नाही. ती उणीव महावग्गात अंशतः भरून निघते : अंगुलिमालाला चीवरात पाहून लोक भयभीत झाले, त्यांनी तक्रार केली आणि त्यानंतर कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. कारागृह फोडून पळालेल्यालाही संघात घेऊ नये, असे ठरले. कारण शाक्यपुत्रीय श्रमणांना हात लावू नये या बिंबिसाराच्या आदेशाचा आडोसा गुन्हेगार घेऊ लागले होते. चीवर हे राजदंडापासून वाचविणारे कवच होऊ नये, हा निर्णय संघाने स्वतः घेतला.

अजातशत्रूचा प्रसंगही असाच बोलका आहे. पित्याच्या वधाची कबुली त्याने तथागतांपुढे दिली आणि त्यांनी ती स्वीकारली. पण तो गेल्यावर त्यांनी भिक्खूंना सांगितले, की हा अपराध घडला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभला असता. कबुलीचे स्वागत झाले. परिणाम पुसले गेले नाहीत.

अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी, हाच विचार राज्यकारभारात उतरलेला दिसतो. न्यायदानात समता आणि दंडात समता असावी, अशी त्याची इच्छा त्यात नोंदविलेली आहे; आणि मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवलत त्याने दिली. ही सवलत त्या सर्वांना होती, राजाच्या मर्जीतल्यांना नव्हे. दया नियमाच्या आत आली, म्हणजे ती समतेला बाधक ठरत नाही.

आपल्यापुढील कसोटी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध संघाच्या कार्यपद्धतीचा गौरवाने उल्लेख केला होता. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या गोष्टी संघाला ज्ञात होत्या, हे त्यांनी देशाला सांगितले. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशाराही दिला. आम्हांला या दोन मुद्द्यांत संगती दिसते. जेथे व्यक्तीची भक्ती सुरू होते तेथे कार्यपद्धती मोडते, आणि छन्नाचा दावा हा शेवटी भक्तीच्या भांडवलावरचाच दावा होता. बाबासाहेब दंडप्रिय नव्हते. ३ जून १९४९ रोजी याच समितीत त्यांनी मृत्युदंडच रद्द करण्याच्या बाजूने आपला कल व्यक्त केला होता. त्यांना सौम्य कायदा हवा होता. कायद्यातून आपल्या माणसाला सूट नको होती.

भारतीय संविधानातही दयेला जागा आहे. अनुच्छेद ७२ व १६१ अन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांना शिक्षा माफ वा सौम्य करण्याचा अधिकार आहे. जात, धर्म किंवा राजकीय निष्ठा पाहून तो वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले. १९५८ चा परिवीक्षा कायदा अपराध्याला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मुभा न्यायालयाला देतो. मात्र १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ ने, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारात दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तीला ही सवलत नाकारली आहे. गावगाड्यात पश्चात्तापाच्या नावाने काय घडते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. अत्याचार करणाऱ्याचे सोबती फिर्यादीच्या घरी येतात, तो हात जोडतो आहे, एकाच गावात राहावयाचे आहे, मिटवून टाका, असे म्हणतात. ते अनुदूत नसतात. ते क्षमा मागावयास नव्हे, फिर्याद मागे घ्यावयास लावण्यासाठी आलेले असतात.

हा भेद आपण तेथे अचूक ओळखतो. मग तोच भेद आपल्या घरातही ओळखता आला पाहिजे. आपल्या संस्थेच्या पैशात ज्याने अफरातफर केली, आपल्या कार्यालयातील स्त्रीशी ज्याने गैरवर्तन केले, तो आपला जुना कार्यकर्ता आहे आणि त्याला वाईट वाटते आहे, एवढ्यावर प्रकरण मिटविणारी समिती गावातील त्या सोबत्यांहून वेगळी ठरत नाही. त्याच्यावरील आरोप त्याला सांगितला जावा, त्याचे म्हणणे ऐकले जावे, दंड अपराधाच्या प्रमाणात असावा, त्याला शेवट असावा आणि त्या शेवटी परतीचा मार्ग असावा. हे सर्व मागण्याचा त्याला हक्क आहे आणि ते मिळवून देण्यासाठी झटणे हे सोबत्यांचे कर्तव्य आहे. गुन्हा राज्याच्या कायद्याखाली येत असेल तर तो न्यायालयापुढे गेला पाहिजे. त्या दिवशी त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, त्याच्यासाठी वकील पाहावा, त्याच्याबरोबर न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्यात. मैत्रीला एवढे पुष्कळ काम आहे.

छन्नाला दंडातून सोडविले असते, तर बुद्ध आमचे म्हणणारा एक म्हातारा सारथी घोसितारामात तसाच राहिला असता. दंड मिळाला म्हणून संघाला एक अर्हत लाभला.